तामलवाडीची परसबाग

सोलापुराहून तुळजापूरचा रस्ता सुमारें ४५ किलोमीटरांचा. कोजागरीच्या सुमारास तो पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंनीं रात्रंदिवस भरून जातो. ह्याच रस्त्यावर तामलवाडी आहे. गेल्या आश्विनांत देवीच्या दर्शनास निघालों असतां आम्ही तेथें काकूंच्या धाकट्या बहिणीकडे चार दिवस उतरलों.

काकूंस मधुमेह आहे. आठवड्यास निदान १५० मिनिटें अंगास श्रम हवेत, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेचाही दंडक तोच. परंतु काका गेल्यापासून काकू पुण्याच्या घराचा उंबरठा ओलांडीत नसत. फिरावयास चला म्हटलें कीं त्यांचें डोकें दुखूं लागावयाचें!

मावशींची परसबाग कांहीं थाटाची नव्हे. मोरीचें पाणी चरानें केळी व अळवास जातें. मांडवावर दुधी, कुंपणाशीं शेवगा, उरल्या जागेंत मेथी-पालकाचे वाफे. कमी पावसाचा मुलूख. तेथें तांब्याभर पाणीही वायां दवडणें पाप. पहिल्याच सकाळीं मावशींनीं खुरपें पुढें केलें, "अक्का, एवढा वाफा निंदून दे गं." काकू दीड तास तेथून हलल्या नाहींत. ऊठबस करणें, खणणें, घागर वाहणें ह्यांत मोठे स्नायू राबतात व रक्तांतील साखर खर्चीं पडते, हें आम्हीं वाचलें होतें. पण त्या रात्रीं काकूंना गोळीवांचून झोंप लागली, तें आम्हांस अधिक पटलें. पानांत शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. त्यांत लोह व चुना भरपूर. वर लिंबू पिळलें म्हणजे लोह अंगीं लागतें.

तिसऱ्या दिवशीं मात्र घात झाला. दिवेलागणीस फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. काकू अनवाणी राबल्या होत्या. टाचेंत बाभळीचा कांटा रुतलेला, आणि त्यांना पत्ताच नव्हता. मधुमेहांत पायांची जाणीव अशी बोथटते. साधी जखमही चिघळून पायावर बेतूं शकते. जखम धुऊन डॉक्टरांकडे नेलें, धनुर्वाताची सुई टोंचविली. मावशी रडूं लागल्या. आम्हीं बागकाम बंद म्हणून सांगतांच काकू कडाडल्या, "जोडा आणा. बाग कशाला बंद करतां?"

दुसऱ्याच दिवशीं बंद जोडे आणविले. आतां रोज रात्रीं सूनबाई दिव्यापाशीं त्यांचे तळवे पाहते.

निघतांना मावशींनीं शेवग्याची हातभर फांदी ओल्या गोणपाटांत गुंडाळून दिली. शेवगा फांदीवरूनही लागतो. पुण्यास लावावयाची कोठें, ह्यावर मोटारींत बराच वाद झाला. फांदी मात्र काकूंनीं सोलापुरापर्यंत मांडीवरून खालीं ठेविली नाहीं.