नावाआधी कूळ

चिखलदरा,
श्रावण

प्रिय ताई,


तुझं पत्र मिळालं. भाद्रपदात तुम्ही सगळी अकोल्याची मंडळी झाडं बघायला इकडे येणार, हे वाचून फार आनंद झाला. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या या पठारावर सध्या धुकं उतरतच असतं आणि सगळा मेळघाट हिरवागार आहे. ‘दोन दिवसांत किती झाडांची नावं पाठ होतील?’ असं तू विचारलंस. ताई, नावं पाठ करायला येऊच नका. आठ-दहा कुळं ओळखायला या. नावं मागाहून येतील आणि आलेली टिकतील.

असं का म्हणतो ते सांगतो. सुटी सुटी नावं पावसाळ्यात शिकली की उन्हाळ्यात विसरतात. शिवाय वनस्पतींचे प्रमाणग्रंथ कुळांप्रमाणे लावलेले असतात. ज्याला कूळ कळत नाही, त्याच्यासाठी तो ग्रंथ बंदच. आपल्या वऱ्हाडात तर ही अडचण जास्तच होती. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पण वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता, म्हणून गाविलगडाचे हे डोंगर त्यातून सुटले. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने सबंध महाराष्ट्राचे खंड काढले. एकदल वनस्पतींचा १९९६ साली आला, द्विदलांचे दोन २००० आणि २००१ साली. आता आपल्या झाडांसाठीही ग्रंथ आहे, पण त्यात शिरायचं ते कुळाच्याच दारातून.

फोनमधलं अ‍ॅप एका फोटोवर नाव सांगतं, हे तू लिहिलंस ते खरं. ते जरूर वापरा. पण सांगितलेलं नाव बरोबर की चूक, हे ठरवणार कसं? त्या नावाचं कूळ कोणतं ते बघायचं आणि त्या कुळाच्या खुणा समोरच्या झाडावर आहेत का ते तपासायचं. खुणा जुळल्या नाहीत, तर नाव कितीही ठासून सांगितलेलं असो, बाजूला ठेवायचं.

आता मुख्य गोष्ट. यातली निम्मी कुळं तुला आपल्या वावरातूनच ठाऊक आहेत. पऱ्हाटीला आता पाती-फुलं धरली असतील. एक फूल हातात घे. बाहेरून तीन मोठी, दातेरी हिरवी पानं त्याला कवटाळून असतात. ती बाजूला सार, पाकळ्या उघड आणि मधोमध बघ. पुंकेसर सुटे नसतात. त्यांची एकच नळी झालेली असते आणि तिच्या आतून मधला दांडा वर आलेला असतो. हेच भेंडीत बघ, अंबाडीत बघ, जास्वंदीत बघ. भेंडी कुळाची ही पक्की खूण. नुसत्या बाहेरच्या हिरव्या पानांवर मात्र विसंबू नकोस. धुऱ्यावरच्या पेटारीला आणि चिकण्याला ती नसतात, पण केसरांची नळी असते. सालीचाही उपयोग होतो. अंबाडीची साल जशी दोरासारखी सोलून निघते, तशी या कुळातल्या पुष्कळांची निघते. मेळघाटात जागोजाग पीळ पडलेल्या शेंगांची मुरुडशेंग दिसेल. तीही आता याच कुळात धरतात.

चिखलदऱ्याचं म्हणून जे पीक सगळे सांगतात ती कॉफी. इंग्रजांच्या काळापासून ती इथे लावलेली आहे. लोक कॉफीचं झुडूप बघून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा. तिची पानं समोरासमोर, जोडीने आलेली आणि कडा अखंड. दोन पानांचे देठ जिथे फांदीला मिळतात, त्या पेरावर भिंग धरा. दोन देठांच्या मधल्या मोकळ्या जागेत, फांदीला चिकटलेलं, टोकदार त्रिकोणी इवलंसं पान दिसेल. तेच उपपर्ण. तसंच दुसरं फांदीच्या मागच्या बाजूला असतं. समोरासमोरची अखंड पानं आणि दोन देठांच्या मधोमध उपपर्ण, हे दोन्ही एकत्र दिसलं की ते कदंबाचं कूळ समजायचं. एकदा ही नजर बसली की जंगलातला कळंब आणि हेदू ओळखीचे होतात. त्यांची उपपर्णं तर शेंड्याजवळ चांगली मोठी, साध्या डोळ्यांना दिसणारी असतात आणि फुलांचे गोल गेंद येतात. काटेरी गेळाही त्यांच्यातलाच. कॉफीच्या झुडपापाशी दहा मिनिटं थांबलेल्या माणसाला जंगलात तिचे भाऊबंद हाक मारतात.

तिसरं कूळ तुळशीचं. तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत फिरव. ती गोल नसते, तिला चार कडा लागतात. पानं समोरासमोर, वरची जोडी खालच्या जोडीला आडवी. चोळली की वास. फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ. वाळलेली मंजिरी तळहातावर चुरली तर एकेका फुलाच्या वाटीतून चार-चार बारीक बिया पडतात. एवढं जमलं की दीपमाळ, रस्त्याकडेचा तुंबा, सगळे हाताशी येतात. पण सावध राहा. घाणेरीची, म्हणजे आपल्या रायमुनियाची काडीही चौकोनीच, पानं समोरासमोर आणि वासही उग्र. तिला मात्र रसाळ काळी फळं येतात, चार सुट्या बिया नाहीत. म्हणून एका खुणेवर कधी निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा एकत्र जुळल्या तरच कूळ लिहावं.

सागाचं ऐकलंस तर नवल वाटेल. आपण कॉलेजात साग घाणेरीच्या कुळात वाचला होता आणि जुन्या पुस्तकांत तो तिथेच आहे. वनस्पतींच्या डीएनएचा अभ्यास झाल्यावर १९९८ पासून कुळांची नवी मांडणी पुढे आली. तिची चौथी आवृत्ती २०१६ सालची. त्यात साग तुळशीच्या कुळात बसवला आहे. धुऱ्यावरच्या सागाचा कोवळा शेंडा चाचपून बघ, चार कडा बोटांना कळतील. कोवळं पान चोळलं तर बोटं लाल होतात, ती सागाची स्वतःची खूण. रुईचंही तसंच. तिचं पूर्वी वेगळं कूळ होतं, आता ती कण्हेरीच्या कुळात गेली. मंडळींत कुणाकडे जुनं पुस्तक असेल आणि कुणाकडे नवं, तर वाद घालू नका. दोन्ही नावं वहीत लिहा. झाडावरच्या खुणा आहेत तिथेच आहेत.

रुईवरून आठवलं, देठ तुटल्यावर चीक येतो का हे नेहमी बघा. चीक आला की पानं कशी लागली आहेत ते विचारा. समोरासमोर असतील आणि शेंगा जोडीने लोंबत असतील, तर कण्हेरीचं कूळ. इथले काळा कुडा आणि पांढरा कुडा दोन्ही त्यातले. पानं एकाआड एक असतील आणि शेंड्याची कळी टोपीत झाकलेली असेल, टोपी गळाल्यावर फांदीभोवती गोल वण राहत असेल, तर वड-उंबराचं कूळ. पानं एकाआड एक आणि फळ तीन फाकांचं असेल, तर आधी एरंडाचं कूळ तपासा. मोहालाही चीक असतो, पण त्याची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. असे दोन-तीन प्रश्न ओळीने विचारले की गोंधळ पुष्कळ कमी होतो.

बाकीची थोडक्यात सांगतो. तूर, हरभरा, सोयाबीन आणि पळस यांच्या फुलात एक मोठी उभी पाकळी, दोन बाजूच्या आणि खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन. शेंगा तर तुला सांगायलाच नको. कंबरमोडीचं पिवळं फूल सुईने सोडवून बघ. ते एक फूल नाहीच, खाली हिरव्या पानांच्या वाटीत बसलेली पुष्कळ बारीक फुलं आहेत. करडई, झेंडू, गाजर गवत ही त्याच कुळातली. मोथा गवतासारखा दिसतो, पण त्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. हराळीचा दांडा गोल आणि पेरांचा.

येताना दहापट मोठं दाखवणारं भिंग, सुई, वही आणि पेन्सिल आणा. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय झाडाचं काहीही तोडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तिथे गळून पडलेली फुलंपानं जागीच बघायची आणि फोटो काढायचे. फोटो नुसता फुलाच्या तोंडावरून नको. फूल बाजूने, पानाची मागची बाजू, पान फांदीला लागतं ती जागा आणि फळ, एवढं हवंच. चव कशाचीही घेऊ नका. कळलावी विषारी आहे, बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. सोबत येणाऱ्या कोरकू वाटाड्याला प्रत्येक झाडाचं नाव आणि उपयोग विचारा आणि तो सांगेल तसंच उतरवून घ्या. कोरकूंचं जंगलाचं ज्ञान पिढ्यांचं आहे.

ताई, हौशी माणसांच्या नोंदींना मी हलकं समजत नाही. अभ्यासक एखाद्या ओढ्यापाशी एकदा येऊन जातो, तुमच्यासारखी माणसं तिथे दरवर्षी येऊ शकतात. म्हणून तारीख, जागा, दिसलेल्या खुणा आणि कूळ एवढं न चुकता लिहा. नाव कळलं नाही तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. कूळ आणि खुणा बरोबर असल्या तर पुढचा माणूस नाव शोधून काढील. पण चुकीचं नाव एकदा लिहिलं गेलं की ते एका यादीतून दुसऱ्या यादीत जात राहतं आणि खोडायला फार कष्ट पडतात.

येण्याचा दिवस ठरला की कळव. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ