जाऊन-येऊन

आईला मी त्या बेटाचा इतिहास आधी सांगितला नव्हता. बोटीनं अर्धा-पाऊण तास, चालायला चांगला रस्ता, पुढे समुद्रकिनारा, संध्याकाळी परत, एवढंच सांगितलं. तिनं एकच विचारलं, "जाऊन-येऊनच ना?"

आमच्या घरातल्या सगळ्या सहली जाऊन-येऊनच असायच्या. कऱ्हाडहून चाफळ, औदुंबर, सज्जनगड. मुक्काम म्हणजे खर्च, आणि बाबांना दुसऱ्याच्या गादीवर झोप लागायची नाही. म्हणून सिंगापूरला पहिल्यांदा आलेल्या आईनं रविवारी पहाटे उठून दशम्या केल्या तेव्हा मला नवल वाटलं नाही. शेंगदाण्याची चटणी तिनं कऱ्हाडहूनच आणली होती. या वेळी तिचा डबा कामाचाही होता, कारण सेंट जॉन्स बेटावर हॉटेल वगैरे काही नाही. पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं.

मेट्रोच्या लाल लाइनचं शेवटचं स्टेशन मरीना साउथ पिअर. बाहेर आलं की समोरच धक्का. तिथून सुटणारी फेरीबोट दक्षिणेकडच्या बेटांची चक्कर मारते: आधी सेंट जॉन्स, मग कुसू, मग परत. सेंट जॉन्सवरून एका बांधावरून चालत लाझरस बेटावर जाता येतं. म्हणजे एका तिकिटात तीन बेटं. हे ऐकून आई खूश झाली.

बोट सुटली की दोन्ही बाजूंना मालवाहू जहाजं दिसायला लागतात. नांगर टाकून उभी, एकामागे एक, नजर पोचेल तिथपर्यंत.

"ही सगळी कशाची वाट बघतायत?" आईनं विचारलं.

"पुढं जायच्या परवानगीची. कुणी बंदरात जागा मिळायची, कुणी डिझेलची."

"माणसं असतील ना आत?"

"असतात की. त्यांना उतरता येत नाही."

आई बराच वेळ त्या जहाजांकडे बघत राहिली. मी मोबाइल काढला आणि उगाच खाली-वर करत बसले.

मी या बेटावर पहिल्यांदा आले ते जून २०२१ मध्ये. बाबा मे महिन्यात गेले होते, कोविडनं, एका दवाखान्यात, अकराव्या दिवशी. अग्नी चुलतभावानं दिला, तोही लांबून, पीपीई किट घालून. मी ते माझ्या भाड्याच्या खोलीत बसून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मध्येच नेटवर्क गेलं. परत लागलं तेव्हा फक्त धूर दिसत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, "चला, झालं."

मी आईला सांगितलं होतं, विमानं बंद आहेत.

हे खोटं होतं. सिंगापूरहून भारतात जायला त्या काळातही विमानं होती, थोडी होती, महाग होती, पण होती. बंद होतं ते परत येणं. २३ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून सिंगापूरनं भारतातून येणाऱ्या पासधारकांना आत घेणं थांबवलं होतं. ते कधी उघडेल हे कुणालाच माहीत नव्हतं. माझी नोकरी चार महिन्यांची. कऱ्हाडच्या फ्लॅटचं कर्ज माझ्या नावावर. बाबांना ऑक्सिजन लावला त्या रात्री मी मोबाइलमध्ये दोन रकाने केले: 'गेले तर' आणि 'नाही गेले तर'. पहिल्या रकान्यात नोकरी, पास, हप्ता, आईचा पुढचा खर्च असं सगळं ओळीनं लिहिलं. दुसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'बाबा'. आणि मी गेले नाही.

म्हणजे नियमानं मला अडवलं नव्हतं. नियमानं फक्त किंमत सांगितली होती. नको म्हणाले ते मीच.

त्यानंतर खोलीत बसवेना. बाहेर जायचं तर दोघांपेक्षा जास्त जण जमायचं नाही असे नियम होते. मला एकटीलाच जायचं होतं, त्यामुळे काही अडलं नाही. कुठंतरी वाचलं होतं की या बेटांवर गर्दी नसते. तिकीट काढलं आणि आले. धक्क्यावर उतरले तर समोर चार-पाच मांजरी. पुढे पायवाट, दोन्हीकडे मोठी झाडं, खाली ओहोटीनं उघडे पडलेले खडक. वाटेत माहितीचा एक फलक होता. तो वाचताना मास्कच्या आत मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

कारण हे बेट म्हणजे क्वारंटाइन स्टेशन होतं. १८७३ मध्ये सिंगापुरात पटकीची साथ आली, आणि १८७४ मध्ये इथं बाहेरून येणाऱ्यांना वेगळं ठेवायची सोय झाली. चीनहून, हिंदुस्थानातून पोटासाठी निघालेले मजूर, पुढे हजहून परतणारे यात्रेकरू, अशांना जहाजातून आधी इथं उतरवायचे. तपासणी, कपड्यांचं निर्जंतुकीकरण, आणि मग दिवस मोजत बसणं. १९३० च्या दशकात हे जगातल्या मोठ्या क्वारंटाइन स्टेशनांपैकी एक मानलं जायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथं राजकीय कैदी ठेवले. त्यातले एक देवन नायर, जे पुढे १९८१ मध्ये सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९५५ पासून अफूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांसाठी इथं केंद्र होतं. ते १९७० च्या दशकात बंद झालं आणि बेट सुट्टी घालवायची जागा झालं. शंभर वर्षं ज्या जागेत माणसांना त्यांच्या मनाविरुद्ध ठेवलं, तिथं आम्ही आता तिकीट काढून येतो, कारण तिथं शांत वाटतं.

त्या दिवसानंतर मी दर दीड-दोन महिन्यांनी येत राहिले. दरवेळी तीच वाट, तोच बांध, तोच किनारा. सिंगापूर विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की इथं वर्षभर दिवस सारखाच असतो. सूर्य रोज सातच्या सुमारास उगवतो, सातच्या सुमारास मावळतो. हिवाळा नाही, उन्हाळा नाही. बाबा गेले त्याला किती दिवस झाले हे ऋतूवरून कळायचं नाही. मोबाइलमध्ये हप्ता कटल्याचा मेसेज आला की कळायचं, अजून एक महिना झाला.

आता चार वर्षांनी त्याच वाटेवर आई माझ्या पुढे चालत होती. पायात तिचे नवे बूट, मी घेतलेले. मांजरी बघून थांबली. "यांना खायला कोण घालतं?" मग तिला तो फलक दिसला. तिला इंग्रजी सावकाश वाचता येतं. मी पुढे सरकायच्या बेतात होते, पण ती वाचत उभीच राहिली.

"म्हणजे रोगराईत लोकांना इथं ठेवायचे?"

"हो."

"आमच्याकडं उलटं होतं. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची. प्लेग आला की गाव माळावर जायचं. झोपड्या बांधून राहायचे. घरात उंदीर पडला की निघायचं. मागं राहायचं ते देव आणि कुलपं." थोडं थांबून म्हणाली, "पण माळावर सगळे एकत्र असायचे."

बांधावरून आम्ही लाझरसवर गेलो. तिथला किनारा चंद्रकोरीसारखा आहे, पांढरी वाळू, पाणी इतकं शांत की लाट आल्याचं कळू नये. यातली बरीचशी जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे. आई बाबांबरोबर एकदा गणपतीपुळ्याला गेली होती. तिथला समुद्र आवाज करतो. "हा तळ्यासारखाय," ती म्हणाली. साडी पोटरीपर्यंत वर धरून ती पाण्यात उभी राहिली. वाळूत शंखातले छोटे खेकडे पळत होते, ते बघून हसली. मी फोटो काढला.

झाडाच्या सावलीत डबा उघडला. दशमी मोडता मोडता मी म्हणाले, "आई, तेव्हा विमानं बंद नव्हती."

वाक्य कितीतरी वेळा मनात तयार केलं होतं. त्याच्यापुढे बरंच काही होतं, नियम, पास, नोकरी. तोंडातून एवढंच आलं.

आई चटणी वाढत होती. हात थांबला नाही. "माहितेय मला. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा त्याच आठवड्यात सिंगापूरहून आला होता. गच्चीवरच्या खोलीत ठेवलं होतं त्याला. मीच चहा पाठवायचे."

मला काय बोलावं कळेना.

"राग आला होता मला," ती म्हणाली. "खोटं बोललीस त्याचा आला, आणि आली नाहीस त्याचाही आला. वर्षभर होता. फोनवर बोलायचे तुझ्याशी, पण होता."

"मग?"

"मग काय. दर महिन्याला पाच तारखेला हप्ता जायचा. बँकेचा मेसेज माझ्या फोनवर यायचा. घरात बसून त्याच घराच्या हप्त्याचा मेसेज वाचायचा आणि तुझ्यावर चिडायचं. जमेना मग." ती समुद्राकडे बघत होती. "हे विचारत होते तुला. पहिले चार दिवस. मी सांगितलं, निघालीये."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या आठवड्यात आम्ही दोघी खोटं बोललो होतो, मी तिच्याशी आणि ती बाबांशी.

मी रडले. आईनं पाण्याची बाटली पुढे केली. "सगळं माफ आहे" असं काही ती म्हणाली नाही, आणि मला वाटतं तसं नाहीच आहे. थोड्या वेळानं तिनं उरलेल्या दशम्या कागदात गुंडाळल्या आणि विचारलं, "बोट कितीला?"

परतीच्या वाटेवर बोट कुसूला थांबते. कुसू म्हणजे कासवाचं बेट. गोष्ट अशी सांगतात की समुद्रात बुडणाऱ्या एका चिनी आणि एका मलय माणसाला वाचवायला एक कासव स्वतःच बेट झालं. तिथं चिनी देऊळ आहे, आणि टेकडीवर मलय संतांच्या समाध्या. २०२२ मध्ये तिथं आग लागली होती. खाली कुंडात खरी कासवंही आहेत. आईनं देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे बूट काढले, देव कोणता ते न विचारता हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

२०१९ मध्ये कऱ्हाड सोडताना मी दारातून "जाते" म्हणाले होते. बाबा ओरडले होते, "जाते नाही म्हणायचं. येते म्हण." मी हसून "येते" म्हणाले आणि रिक्षात बसले. दोन वर्षं तो शब्द माझ्या घशात अडकून होता.

परतीच्या बोटीत आई खिडकीशी बसली. ती जहाजं अजून तिथंच होती, सकाळी होती तशीच. तिचा डोळा लागला. तिचा डबा माझ्या मांडीवर होता. पुढच्या मे महिन्यात, बाबांच्या वर्षश्राद्धाला, मी कऱ्हाडला जाणार आहे. तिकीट काढलंय, जाण्याचं आणि येण्याचं. आईला दाखवलं तेव्हा तिनं आधी परतीची तारीख पाहिली.

"आठच दिवस?"

"वाढवते," मी म्हणाले.