चित्र मोकळं, फोटो कुलपात

अजिंठा शिकवताना लेण्यातल्या आजच्या फोटोपेक्षा कधी कधी लंडनमधली जुनी नक्कल जास्त उपयोगी पडते. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी अजिंठ्याला नेले आणि भित्तिचित्रांच्या मोठाल्या रंगीत नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. लंडनला पाठवलेल्या या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. वाचलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांचे फोटो घरबसल्या उतरवून घेता येतात.

पण अटींवर. पेस्तनजी १९३८ साली वारले. चित्रकाराच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षांनी आणि ब्रिटनमध्ये ७० वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणजे दोन्हीकडे मुदत कधीच उलटून गेली. तरीही संग्रहालयाची अट असते ती वापर अव्यावसायिक असण्याची. ती चित्रावर नसते, चित्राच्या फोटोवर असते! न्यू यॉर्कच्या न्यायालयाने ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात १९९९ मध्येच सांगितलं होतं, की सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोत स्वतंत्र निर्मिती नसते, म्हणून वेगळा कॉपीराइटही नाही. युरोपियन संघाने २०१९ च्या निर्देशात साधारण हीच भूमिका घेतली.

वर्गातल्या शिक्षकाने मात्र एवढं दचकायचं कारण नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात अध्यापनासाठी सूट आहे, आणि अभ्यासाच्या पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स प्रतींवरून झालेल्या दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिचा अर्थ चांगला ऐसपैस लावला.

घोडं अडतं ते वर्गाबाहेर. तीच स्लाइड जाहिराती येणाऱ्या यूट्यूब चॅनेलवर गेली, फी घेणाऱ्या क्लासच्या नोट्समध्ये छापली, किंवा शिक्षकाने पुढे त्याच धड्यांचं विकाऊ पुस्तक केलं, की 'अव्यावसायिक'ची हद्द नेमकी कुठे संपते हे वकीलही छातीठोकपणे सांगत नाहीत. म्हणून माझ्या मते सवलतीपेक्षा मोकळा परवाना बरा. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख प्रतिमा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी झिरो'खाली खुल्या केल्या. तिथे परवानगी नको, शुल्क नको, श्रेय देण्याचीही सक्ती नाही.

संग्रहालयाचं यात नुकसान होतं का? ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा अनुभव उलटा आहे. फेर्मेरच्या 'दूध ओतणाऱ्या बाई'च्या पिवळट, विटक्या प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातलं योग्य रंगाचं पोस्टकार्डच लोकांना खोटं वाटू लागलं. खराब प्रतींना उत्तर म्हणून चांगली प्रतच मोकळी सोडावी, असं संग्रहालयाने ठरवलं आणि २०१२ मध्ये 'राइक्सस्टुडिओ' हा ऑनलाइन चित्रसंग्रह सुरू केला. वर्गात फळ्याच्या आकाराच्या पडद्यावर याच चित्रातल्या ब्रेडचा कुरकुरीत पापुद्रा दाखवायचा, तर फाइल तशी मोठी लागतेच.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली बनवली. वस्तूची माहिती व्यवस्थित भरली जाते, हे मोठंच काम. त्याच नोंदीत, फोटोच्या अगदी खाली, परवान्याची एक ओळ हवी: छापता येईल का, बदलता येईल का, विकता येईल का. तोवर शिक्षकाने फोटो घेतानाच नोंदणी क्रमांक, संग्रहालयाचं नाव आणि त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. अटी पुढे बदलतात, आणि पुस्तक छापायला निघालं की प्रकाशक पहिल्यांदा तेच मागतो.