मार्केट यार्ड ते अगत्ती

पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डाशेजारीं ज्यांचें बिऱ्हाड आहे, त्यांस शांतता म्हणजे काय तें सहसा ठाऊक नसतें. मध्यरात्र उलटली कीं भाजीपाल्याच्या मालमोटारी येऊं लागतात. पहाटेस आडत्यांच्या गाळ्यांपुढें कांद्याबटाट्यांच्या गोणी उतरतात, हमालांच्या आरोळ्या उठतात, आणि वारा भुसार बाजाराकडून असला तर गुळाचा व मिरचीचा मिश्र वास थेट माजघरांत येतो. अशा ठिकाणीं आम्ही उभयतां तीस वर्षें राहत आहों. भाजी येथें कोणी मोजून आणीत नाहीं. मेथी स्वस्त दिसली कीं दोन जुड्या जास्त घ्यावयाच्या, सुकल्या तर टाकून द्यावयाच्या, ही आमच्या आळीची रीत. या गजबजाटांत वाढलेल्या आमच्या कन्येची नेमणूक अरबी समुद्रांतील अगत्ती नांवाच्या बेटावर झाली, हें घरांत कळलें तेव्हां तिच्या आजीनें पहिला प्रश्न केला तो हा: "अग, तिथें कोथिंबीर तरी मिळते का?"

आम्ही सारे हंसलों. प्रश्न मात्र अगदीं रास्त होता, तें पुढें दिसेलच.

नोकरी विमानांच्या नियंत्रणाची. आकाश मोकळें दिसत असलें तरी विमानानें केव्हां उतरावें, किती उंचीवर राहावें, धावपट्टीवर केव्हां यावें, हें मनोऱ्यांत बसलेला नियंत्रक सांगतो. घराजवळ लोहगांवचा विमानतळ असतां इतक्या दूर कां, असें पुष्कळांनीं आम्हांस विचारलें. लोहगांवचें नियंत्रण वायुदलाच्या हातीं आहे. आमची मुलगी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या चाकरींत, म्हणजे मुलकी खात्यांत. या परीक्षेस पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेऊन झालेला पदवीधर किंवा इंजिनियर लागतो. शिवाय उमेदवाराचा आवाजही तपासून पाहतात. पुढील शिक्षणाची सोय प्रयागराज, हैदराबाद व आपल्या गोंदियास आहे. आमची कन्या गोंदियास शिकली.

सुटींत ती घरीं आली म्हणजे तिच्या धड्यांची आम्हांस मोठी मौज वाटे. या मंडळींची इंग्रजी निराळीच. तीनच्या आंकड्यास 'थ्री' न म्हणतां 'ट्री' म्हणावयाचें, पांचास 'फाइफ', नवास 'नाइनर'; कारण खरखरत्या यंत्रांतून एक आंकडा दुसऱ्यासारखा ऐकूं आला तर अनर्थ होईल. नियंत्रकानें आज्ञा दिली कीं वैमानिकानें ती जशीच्या तशी उलट म्हणून दाखवावी, आणि नियंत्रकानें ती कान देऊन ऐकावी. १९९६ च्या नोव्हेंबरांत हरयाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत दोन विमानें एकमेकांवर आदळून ३४९ माणसें दगावलीं. एका विमानास पंधरा हजार फुटांवर राहण्यास सांगितलें होतें. तें त्याहून खालीं उतरलें. ही हकीकत तिनें सांगितली त्या रात्रीं तिच्या आईस झोंप लागली नाहीं. घाऊक बाजारांत पूर्वीं रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत, म्हणजे तिसऱ्यास कळूं नये! येथें सारा व्यवहार उघड, मोठ्यानें आणि दोनदां बोलून. बाजाराच्या कडेला वाढलेल्या मुलीस स्पष्ट बोलण्याची सवय आधींपासून होती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

ती गेल्यावर चार महिन्यांनीं, थंडीच्या दिवसांत, आम्ही तिच्या भेटीस निघालों. पुण्याहून पूर्णा एक्स्प्रेसनें एर्नाकुलम, व तेथून कोचीच्या विमानतळावर. लक्षद्वीपांत बाहेरच्या पाहुण्यास परवान्यावांचून जातां येत नाहीं. तो हातीं येईपर्यंत कागदपत्रांचा बराच खटाटोप झाला, त्याचें वर्णन वाचकांवर लादीत नाहीं. कोचीहून अगत्ती सुमारें ४६० किलोमीटर. पंख्यांचें लहानसें विमान होतें. तासाभरानें खालीं निळ्या पाण्यांत हिरवट पांढरी कडा दिसूं लागली, आणि तिच्या आंत माडांनीं भरलेली एक बारीक पट्टी. बेटाची लांबी सारी साडेसात किलोमीटर; रुंदी जेथें सर्वांत अधिक तेथेंही किलोमीटरभर. दक्षिणेचें टोंक तर इतकें चिंचोळें कीं १९८८ सालीं सुरू झालेल्या या विमानतळाच्या धावपट्टीच्या दोहों अंगांस समुद्रच आहे. पट्टी जेमतेम बाराशें मीटर. विमान पाण्यावरच उतरतें आहे असें वाटून आमच्या सौभाग्यवतींनीं डोळे मिटून घेतले.

लक्षद्वीपांत एकंदर ३६ बेटें, त्यांपैकीं वस्ती दहांवर. साऱ्यांचें क्षेत्रफळ मिळून ३२ चौरस किलोमीटर. पोवळ्याच्या किड्यांनीं बांधलेली ही भूमि. डोंगर नाहीं, नदी नाहीं. पायाखालीं वाळू, आणि वाळूखालीं पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर. समुद्राचें पाणी गोडें करण्याचें यंत्र अगत्तीस २०११ सालीं बसलें. माड विपुल आहेत आणि समुद्रांत कुपा मासा अमाप. तो हे लोक गळानें एकेक करून धरतात. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत. बहुतेक भाजी व धान्य मुख्य भूमीवरून जहाजानें येतें. जहाज आलें कीं दुकानांत टोमॅटो दिसतात, आणि पावसाळ्यांत समुद्र खवळून जहाज लांबलें म्हणजे डाळ व नारळ यांवर भागवावें लागतें. एका दुकानांत आम्हीं कांदे पाहिले. केरळांत कांदा बव्हंशीं महाराष्ट्रांतून जातो. तेव्हां हे कांदे आमच्या खिडकीखालून गेले असण्याचा संभव होता. कन्येनें त्यांतले चार निवडून घेतले. चारच! घरीं आल्यावर आईनें कांद्याची पात टाकण्यास घेतली, ती तिनें हळूच तिच्या हातांतून काढून घेऊन आमटींत घातली. कोथिंबीर तिनें एका डब्यांत लावली होती. वाळूंत खत मिसळून केलेली तेवढीच बाग.

रात्र झाली तशी आम्हांस चमत्कारिक वाटूं लागलें. मालमोटार नाहीं, आरोळी नाहीं. या बेटांवर कुत्रेंदेखील नाहीं. नुसती बाहेरच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची गाज. पहिल्या आठवड्यांत आपल्यास झोंप येत नसे, असें मुलीनें सांगितलें. तें तिनें दूरध्वनीवर कधीं कळविलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या घरच्या गृहिणींनीं आम्हांस चहास बोलाविलें. येथील वस्ती मुसलमान, बोली मल्याळम वळणाची. परंतु पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत मातृवंशाची. घर आईकडून मुलीकडे जातें. लग्न झालें तरी मुलगी आईचें घर सोडीत नाहीं. जुन्या वहिवाटीप्रमाणें नवराच रात्रीं तिच्याकडे येतो व सकाळीं आपल्या आईकडे परततो. या समाजाचा अभ्यास करून १९६९ सालीं ग्रंथ लिहिला तो लीला दुबे यांनीं. माहेरच्या त्या आंबर्डेकर, गायिका सुमति मुटाटकर यांच्या भगिनी; हें आपल्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल.

त्या बाईंनीं आमच्याकडे निरखून पाहिलें आणि कन्येस कांहीं विचारलें. तिनें हंसून उत्तर दिलें. बाहेर आल्यावर आम्हीं खुलासा मागितला.

"त्या विचारीत होत्या, 'आईबाप चांगले दिसतात, मग मुलीला घरांतून कां घालविलें?'"

"मग तूं काय सांगितलेंस?"

"बाबा, मी म्हटलें, आमच्याकडे मुलगी कुठेंतरी जातेच. मी नोकरीवर गेलें, एवढेंच."

तिची आई यावर बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. तिच्या मनांत लग्नाची गोष्ट काढावयाची होती, दोन स्थळांचीं माहितीपत्रेंही पिशवींत होतीं. आजीचें वय चौऱ्याऐशीं. आषाढांत कांहीं कमीजास्त झालें तर ही वेळेवर येईल कीं नाहीं, हाही विषय निघावयाचा होता. दुसरा निघाला. मुलगी म्हणाली, "तो विचार मी रोज करतें," आणि उठून कपडे वाळत घालूं लागली. माहितीपत्रें पिशवींत तशींच राहिलीं.

निघण्याच्या दिवशीं तिची पाळी होती. पहाटेस भाकरी-पिठलें बांधून देऊन ती आमच्याआधींच मनोऱ्यावर गेली. निरोप असा झालाच नाहीं. विमान धावपट्टीच्या टोंकास जाऊन उभें राहिलें तेव्हां खिडकींतून मनोऱ्याची कांच तेवढी दिसत होती, आंतील माणूस दिसत नव्हतें. तिचा आवाज त्या क्षणीं वैमानिकाच्या कानांत होता. आमच्या कानीं केवळ पंख्यांची घरघर. सौभाग्यवती ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "ट्री, फाइफ, नाइनर," आणि विमान धांवूं लागलें.