रोज एक पान



नेम धरणे ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. श्रावणात कुणी सोमवार धरते, कुणी महिनाभर एक वेळ जेवते, कुणी पोथी लावते. कार्तिकात पहाटेच्या काकडआरतीला जाणारी माणसे थंडीची पर्वा करीत नाहीत. गावात सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून रात्री दोन वाजता उठून पहाऱ्याला जाणारी मंडळी तुमच्याही गावात असतील. म्हणजे महिनाभर एखादी गोष्ट न चुकता करण्याची ताकद आपल्या घरात आहेच. ती शिकायला कुठे जावे लागत नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका नेमाबद्दल सांगणार आहे. यात उपास नाही, उद्यापन नाही आणि खर्च म्हणाल तर एका वहीचा. गेल्या श्रावणात आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवले, की महिनाभर रोज एक पान लिहायचे. गोष्ट नव्हे, कविता नव्हे. आज काय घडले, काय ऐकले, काय मनात आले, तेवढेच.

आम्ही तिघी म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी बदलापूरजवळच्या एका खेड्यातली, भातशेतीच्या घरातली सून. दुसरी अंबरनाथची, अंगणवाडी सेविका. तिसरी उल्हासनगरची, सिंधी घरातली, शिवणकाम करणारी. वीस वर्षांपूर्वी उल्हासनगरला शिवणाच्या वर्गाला आम्ही एकत्र होतो, तेव्हाची ही मैत्री. मुंबईपासून रेल्वेने मोजले तर उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. म्हणजे आमच्यातले अंतर दहा किलोमीटरचे. पण संसार, शेत आणि नोकरी यांमुळे वर्ष वर्ष भेट होत नसे.

नेमाचे नियम आम्ही सोपेच ठेवले. निजण्यापूर्वी लिहायचे. पान फाडायचे नाही. शुद्धलेखनाला हसायचे नाही. फारच दमलो तर एक ओळ लिहिली तरी चालेल, पण तारीख घालायची. लिहून झाले की फोनवर एकमेकींना एकच शब्द कळवायचा, 'झाले'. आणि दर रविवारी दुपारी अंबरनाथला भेटायचे, कारण ते मधले ठिकाण. तिथे प्रत्येकीने आपल्याला वाटेल ते एक पान वाचून दाखवायचे. बाकीचे खाजगी.

उल्हासनगरची हसून म्हणाली, "तुमचा नेम तीस दिवसांचा, आमचा चाळीसचा!" सिंधी लोकांचा झुलेलालचा चालीहा चाळीस दिवस चालतो आणि तोही याच दिवसांत येतो. तिच्या घरी चाळीस दिवसांचे व्रत पाळण्याची रीतच होती. त्यामुळे तिच्याबद्दल आम्हाला काळजी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, लिहिणे हे शिकल्यासवरल्या माणसांचे काम, आपण काय लिहिणार? पण मोठ्या माणसांची मोठी कामे तरी कशी झाली ते पाहा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले, ते रोज थोडे थोडे करूनच. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले. अठरा अध्याय, अठरा रविवार. एकही रविवार चुकला नाही. आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले म्हणून आज ते पुस्तक आपल्या हाती आहे. बोलणारा नेमाचा होता, तसाच लिहिणाराही नेमाचा होता. अमेरिकेत १९९९ साली क्रिस बॅटी नावाच्या तरुणाने आणि त्याच्या मित्रमंडळींनी मिळून, एकूण २१ जणांनी, एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची असा पण केला होता. म्हणजे रोजचे सुमारे १,६६७ शब्द. पुढे ही चाल जगभर पसरली. तो उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ साली काम बंद करण्याचे जाहीर केले, पण चार मित्रांनी महिनाभर एकमेकांना धरून लिहायचे, ही कल्पना काही कुणा संस्थेच्या मालकीची नाही.

पहिले आठ-नऊ दिवस उत्साहात गेले. आपल्याकडे म्हणतातच, नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी वही उघडली तर लिहायला काही सुचेना. लावणी संपत आली होती, कंबर दुखत होती, चिखलाने बोटांची कातडी सोलली होती. मी पाऊस लिहिला. अंगणात सरळ कडांचा डबा ठेवला होता, त्यात साठलेले पाणी पट्टीने मोजले आणि आकडा मांडला. त्या दिवसापासून रोज पावसाचा आकडा लिहू लागले. हिशेब सोपा आहे. डब्यात १ मिलिमीटर पाणी साठले तर १ गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी पडले, आणि एकरावर ४,००० लिटर. माझा शाळेत जाणारा पुतण्या ते ऐकून रोज सकाळी डब्याकडे धावू लागला.

अंबरनाथची मात्र बाराव्या दिवशी अडली. तिचे सासरे तापाने फणफणले आणि त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. रात्री फोनवर तिचा शब्द आला नाही. आम्ही दोघींनी तिला एवढेच कळवले, की एक ओळ पुरे. मग तिने दवाखान्याच्या बाकावर बसून ओळी लिहिल्या. किती वाजता ताप किती, कोणती गोळी दिली, काय खाल्ले, किती वेळा पाणी मागितले. अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांची वजने मांडण्याची तिला सवय. चौथ्या दिवशी डॉक्टर बदलले तेव्हा नव्या डॉक्टरांनी तीच वही मागून घेतली आणि तापाची वेळ पाहून औषधाची वेळ बदलली. सासरे बरे होऊन घरी आले. वहीनेच बरे केले असे मी म्हणणार नाही, औषधानेच केले. पण त्या गडबडीत घरातल्या चार माणसांनी चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या असत्या, ते टळले.

तिचा एक दिवस कोरा गेला, म्हणून नेम मोडला का? लंडन विद्यापीठातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना घेऊन सवय कशी लागते याचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८ तर कुणाला कितीतरी जास्त, असे त्यांना आढळले. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, हेही. तेव्हा एक दिवस राहिला म्हणून वही माळ्यावर टाकू नये. एका रांगेत चार चूड मेले म्हणून कुणी खाचर सोडून देतो का?

उल्हासनगरचीची गोष्ट निराळीच झाली. रोज नवीन काय लिहायचे, म्हणून ती आपल्या म्हाताऱ्या आईला विचारू लागली, "अम्मा, आज काय लिहू?" तिची आई फाळणीनंतर सहा-सात वर्षांची असताना कराचीहून आगबोटीने मुंबईला आली आणि तिथून कल्याणच्या छावणीत. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या त्या बराकी. १९४९ सालच्या ऑगस्टच्या ८ तारखेला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. हे आपण पुस्तकात वाचतो. पण एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-पाच कुटुंबे कशी राहिली, रात्री पलीकडच्या पडद्यामागे कुणी रडू लागले की अलीकडचे सारे जण कसे झोपेचे सोंग घेत, पापड लाटून आईने पहिली पितळी कशी घेतली, हे त्या म्हातारीने साऱ्या आयुष्यात मुलीला सांगितले नव्हते. मुलीनेही कधी विचारले नव्हते. वहीने विचारायला लावले.

आणखी एक सांगते. म्हातारीला सिंधी वाचता येते ते अरबी वळणाच्या लिपीत, आणि मुलीला ती लिपी येत नाही. मुलगी मराठी शाळेत शिकली. आईने एका कागदावर आपल्या सिंधमधल्या गावाचे नाव स्वतःच्या लिपीत लिहून दिले. मुलीने खाली देवनागरीत लिहिले. त्या रविवारी तिने तेच पान आम्हाला दाखवले. वाचायला फारसे नव्हतेच. आम्ही तिघी बराच वेळ गप्प बसलो. बाहेर अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या लोकांची रांग होती. ते मंदिर शिलाहारांच्या काळचे, तिथला शिलालेख १०६० सालचा. दगडात कोरलेले नाव साडेनऊशे वर्षे टिकले. आपल्या आयांची नावे मात्र आपण कुठे लिहितो?

आता माझे सांगते. आमच्या गावाभोवती इमारती उभ्या राहत आहेत. आमच्या घरातही जमीन विकण्याची बोलणी वर्षभर चालू आहेत. दिरांचे म्हणणे खोटे नाही. मजूर मिळत नाहीत, भाताला भाव नाही, दोन लग्ने उभी आहेत. श्रावणाच्या पंधराव्या दिवशी मला काही सुचेना तेव्हा मी सासूबाईंना विचारले, "आत्या, आपल्या खाचरांची नावे सांगा ना." त्यांनी सांगायला सुरुवात केली. मोरीचे, आंब्याखालचे, विहिरीलगतचे, सुईणीचे, ढवळ्याचे. रोज एखाददुसरे खाचर आणि त्याची हकीकत, असा क्रम लागला. सुईणीचे का, तर आजेसासऱ्यांचा जन्म मोठ्या संकटात झाला आणि त्या सुईणीला त्या तुकड्यातले भात हयातभर दिले. ढवळ्याचे का, तर घराचा पहिला बैल चिखलणी करता करता तिथेच बसला तो उठला नाही, त्याला तिथेच बांधाला पुरला. सतरा खाचरे निघाली. सात-बारावर यातले एकही नाव नाही. तिथे फक्त गट नंबर आणि क्षेत्र.

महिना संपायला आला तेव्हा घरात पुन्हा जमिनीची बैठक बसली. कोणता भाग द्यायचा, कोणता ठेवायचा याची बोलणी नकाशावर बोट ठेवून चालली होती. मी आतून वही आणली आणि पुतण्याला म्हटले, "वाच." त्याने सतराही नावे वाचली, हकिकतींसकट. थोरले दीर ऐकत होते. ढवळ्याचे नाव आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली. लहानपणी तो बैल त्यांनीच चारला होता.

वही वाचून जमीन वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. घरात लग्ने आहेत ती करावीच लागतील. पण त्या रात्री एवढे ठरले, की विहिरीलगतचे आणि ढवळ्याचे हे दोन तुकडे विकायचे नाहीत, आणि बाकीचा निर्णय पीक हाती येईपर्यंत घ्यायचा नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्या स्वतःहून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "एक खाचर राहिले गं सांगायचे." अशी अठरा झाली.

तुम्हालाही हा नेम धरायचा असेल तर काय लिहावे, ते थोडक्यात सांगते. पेरणीची, लावणीची, खताची तारीख लिहा. गाय किंवा म्हैस भरवली तो दिवस लिहा. गाय सुमारे २८० दिवसांनी आणि म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विते, तेव्हा तारीख माहीत असली की आटवणे आणि बाळंतपणाची तयारी वेळेवर होते. उसने दिले-घेतले ते लिहा. घरातले आजारपण लिहा. आणि रोज एक ओळ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. स्वतःच्या मनातले दुःखही लिहायला हरकत नाही. ती पाने कुणाला दाखवावी लागत नाहीत.

एक मात्र करा. एकट्याने धरू नका. जावेला घ्या, शेजारणीला घ्या, माहेरच्या मैत्रिणीला घ्या. बंधूंनी पारावरचा एखादा मित्र गाठावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि घरातल्या लेकराने लिहावे. दिवसभराच्या कामानंतर वही उचलायचा कंटाळा येतो, तेव्हा पलीकडे कुणीतरी आपल्या 'झाले'ची वाट पाहत आहे, एवढ्यानेच हात पुढे होतो.

आमच्या वह्या अजून चालू आहेत. रोज जमतेच असे नाही, पण रविवारची भेट आम्ही मोडलेली नाही. येत्या रविवारी उल्हासनगरची तिच्या अम्मालाही घेऊन येणार आहे. सासूबाईंनी तिच्यासाठी नव्या भाताचे पोहे बांधून ठेवायला सांगितले आहेत.