आवाजाची उचल

आमच्या गल्लीत मध्यंतरी एक समजूत पसरली होती, की मास्तरांना झोपेत बडबडण्याची खोड लागली आहे. ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. रात्री दोनच्या सुमारास डोक्यावरून दोन गोधड्या घेऊन मी कोपऱ्यात बसत असे आणि 'शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी माती तपासा' हे एकच वाक्य सात सात तऱ्हांनी म्हणत असे. शेजारच्या आजींनी शेवटी आमच्या सौभाग्यवतींना हळूच विचारले, "कुणाला दाखवलं का गं मास्तरांना?"

आता वाचकांपासून काय लपवायचे? शाळा आणि कादंबऱ्या यांतून उरलेल्या वेळात मी आवाज विकतो.

हा बाजार इंटरनेटवर भरतो. चित्रे काढणारे, हिशेब लिहिणारे, भाषांतर करणारे असे नाना कारागीर तिथे आपापली पथारी पसरून बसलेले असतात. 'फायवर' नावाची अशी एक पेठ २०१० साली इस्राएलात सुरू झाली. आरंभी तिथे प्रत्येक काम पाच डॉलरला मिळे, म्हणून ते नाव. त्या पाचांतला एक डॉलर पेठेचा, चार कारागिराचे. कामाचे भाव पुढे वाढले, पण पेठेचा पाचवा हिस्सा काही सुटला नाही. मी बसतो ती पेठ निराळी. पण रीत सगळीकडे सारखीच.

आमच्या तिसगावापासून जवळच मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक येते, जनावराचे दात बघते, पाठीवर थाप मारते आणि पुढे जाते. माझेही तसेच आहे. मिनिटभराचा नमुना ठेवायचा. लोक तो ऐकतात आणि पुढे जातात. दिवसा कल्याण–विशाखापट्टणम् हमरस्त्यावरच्या मालमोटारी कानठळ्या बसवतात, म्हणून काम रात्री. गोधडीचा उपयोग असा, की खोलीच्या भिंतींवरून आवाज परत येऊन घुमत नाही. थंडीत ही सोय मोठी सुखाची आहे; वैशाखात मात्र माणूस भाजून निघतो.

कामे तरी कसली? कधी बियाण्यांची जाहिरात, कधी गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, याच्या सूचना. एकदा एका कंपनीत तक्रार करायला टेलिफोन केला, तर पलीकडून मीच बोललो! 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे स्वतःलाच सांगत मी स्वतःला वीस मिनिटे ताटकळत ठेवले. इतका निर्लज्ज माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता.

पण एक काम निराळे आले. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका बाईंचे. त्यांचे वडील आमच्याच बाजूचे. ते गेले, मागे अकरा पत्रे राहिली, पण आवाज कुठेच राहिला नाही. ती पत्रे वाचून हवी होती. "शुद्ध वाचू नका," त्यांनी कळवले, "आपल्याकडं बोलत्यात तसं वाचा."

आयुष्यभर मी वर्गात 'व्हतं' खोडून 'होतं' करीत आलो. त्या रात्री गोधडीत बसून मी 'व्हतं' म्हणायला पुन्हा शिकलो. पत्रांत विशेष काही नव्हते. बाजरी बरी आहे, आईचा गुडघा दुखतो, पैसे पाठवू नकोस, तुलाच लागतील. या शेवटच्या वाक्याशी माझा घसा दाटला. दुसऱ्यांदा स्वच्छ वाचले आणि दोन्ही पाठवली. बाईंनी दाटलेलेच ठेवले. लिहिले, "आवाज बाबांचा नाही. पण बाबा जिथं थांबले असते, तिथंच तुम्ही थांबलात."

यानंतर महिन्याभरातच ती मोठी मागणी आली. वीस तास वाचायचे. गोष्ट नाही, जाहिरात नाही. सुटी सुटी वाक्ये, काही रागाने, काही लाडाने, काही रडत. रक्कम अशी, की घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला असता. अट एवढीच, की हे वाचन ऐकवून यंत्राला माझा आवाज शिकवायचा आणि तो यंत्राचा आवाज वाटेल तिथे, वाटेल त्या कामाला, कायमचा वापरायचा.

आमच्या पाथर्डी तालुक्यात 'उचल' हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून तो आगाऊ रक्कम उचलतो आणि हंगामभर फडात राबून ती फेडतो. ही उचल किती जड असते, ते मी वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून ओळखतो. पण उन्हाळा लागला की कोयता घरी येतो. मला देऊ केलेल्या उचलीत घरी येणेच नव्हते.

सरला चौधरी यांची आठवण झाली. १९८२ साली त्या मध्य रेल्वेत रोजंदारीवर उद्घोषक म्हणून लागल्या. पुढे त्या दुसऱ्या कामावर गेल्या, पण मुद्रित झालेला त्यांचा आवाज फलाटाफलाटांवर गाड्यांच्या वेळा सांगतच राहिला. तरी तो आवाज त्यांचेच शब्द बोलत होता. हे यंत्र मी कधी न उच्चारलेले शब्द माझ्या तोंडी घालणार! २०२५ साली आशा भोसले यांच्या आवाजाची अशी यंत्रनक्कल करू नये, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. त्यांचा आवाज साऱ्या जगाने ओळखला असता. माझा ओळखणार कोण? आणि मी तर स्वतःच्या सहीने तो देऊन बसलेला!

सौभाग्यवतींना रक्कम सांगितली. त्या वर पत्र्याकडे पाहत म्हणाल्या, "स्लॅब होईल." मग अट सांगितली. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "म्हणजे उद्या कुणी तुमच्या आवाजात मला फोन करून पैसे मागितले, तर मी ओळखायचं कसं?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. स्लॅब राहिला तो राहिलाच. या पावसाळ्यातही पत्रे वाजू लागले की माझे दुकान बंद होत असे. खोटे कशाला सांगू, अशा रात्री त्या रकमेची फार आठवण येई.

गेल्या हंगामात आमच्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर फडावर गेली. त्यांचे धडे बुडू नयेत म्हणून मी ते वाचून त्यांच्या बापांच्या मोबाइलवर पाठवीत असे. एका संध्याकाळी एकाचे उत्तर आले. मागे ट्रॅक्टर घरघरत होता, कुणी तरी 'मोळी दे' म्हणून ओरडत होते आणि मधूनच त्या पोराचा बारीक आवाज, "गुर्जी, ते वाघाचं परत म्हणा की."

रात्री गोधडी ओढली आणि वाघाचे परत म्हटले. चांगली डरकाळी फोडली. शेजारच्या आजींची खात्रीच पटली असेल.