शेवटून तिसरा

माणसाने धावावे कशासाठी, याची तीनच कारणे आमच्या जळगावात मान्य आहेत. गाडी सुटत असेल, कुत्रे मागे लागले असेल, किंवा बामणोदच्या वांग्यांचे भरीत पातेल्यात तळाला गेले असेल. यांपैकी काहीही नसताना चाळिशी केव्हाच ओलांडलेला, पोट किंचित पुढे आलेला गृहस्थ पहाटे साडेपाचला मेहरूण तलावाच्या काठाने धावताना दिसला, की लोक आधी त्याच्या मागे कुत्रे आहे का ते बघतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "काय साहेब, शुगर का?"

साहेब मी नाही. मी बँकेत क्लार्क आहे. बी. कॉम. झालो, खिडकीमागे बसलो आणि अजून बसलोच आहे. शुगरही नाही. माझे कारण निराळे आहे. आमच्या घराण्यात पुरुषांची मुदत ठेव सत्तेचाळिसाव्या वर्षी मॅच्युअर होते. आजोबा शेतातून येऊन ओट्यावर टेकले, ते टेकलेच. वडील ऑफिसातून सायकलवर घरी आले, चहा टाकायला सांगितला आणि चहा उकळायच्या आत गेले. यंदा जूनमध्ये मला सत्तेचाळिसावे लागले, तेव्हा घरात कोणी अवाक्षर काढले नाही. फक्त आईने वाढदिवसाला श्रीखंडाऐवजी नाचणीची खीर केली. बँकेत याला मुदतपूर्व सूचना म्हणतात.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून मला पट्ट्यावर चालवले आणि कागद बघून म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. वापरत चला." एवढे सांगायला त्यांनी घेतलेली फी आठवली, की अजूनही ठोके वाढतात.

हे वापरणे एरवी तलावाच्या चार फेऱ्यांवर भागले असते. पण आमचा एक पुतण्या ग्लासगोला असतो. त्याने फोनवर सांगितले, की तो ज्युराची शर्यत बघून आला. ज्युरा हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बेट. जॉर्ज ऑर्वेलने 'नाइन्टीन एटी-फोर' लिहिली ती याच बेटावर राहून. (ती कादंबरी आमच्या ब्रँच मॅनेजरांनी वाचली असावी असा माझा संशय आहे. ते सतत कुठूनतरी आपल्याकडे बघत असतात.) तिथे १९७३ साली सुरू झालेली एक डोंगरी शर्यत आहे. अंतर २८ किलोमीटर, वाटेत सात शिखरे, आणि सगळे चढ एकावर एक ठेवले तर २३७० मीटर. आखलेली वाट म्हणून नाही. खाली दलदल, वर सुट्या दगडांची उतरंड, बाजूला समुद्र. ज्याने त्याने आपापली वाट शोधायची. जवळ नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी बाळगावी लागते. शिट्टी कशाला, तर हरवलात तर वाजवायला. सगळ्यांत तेज गडी हे सारे तीन तासांच्या आसपास उरकतात. आमच्याकडे तेवढ्या वेळात पासबुक भरून मिळत नाही, असे आमचे खातेदार म्हणतात.

"काका, तुम्हीपण पळा एखादी," पुतण्या म्हणाला.

आता जळगावकराने बेट आणायचे कुठून? आमच्या जिल्ह्यातून जाणारी तापी पुढे सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, एवढाच आमचा समुद्राशी संबंध. तोही तिच्या मार्फत. पण खडक म्हणाल तर सह्याद्री काही स्कॉटलंडला हार जाणारा नाही. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांच्या नावाने डिसेंबरात पुण्याजवळ एक शर्यत होते. धावणारे तिला एसआरटी अल्ट्रा म्हणतात. तिच्यात ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर असे गट असतात. एवढे अंतर एसटीने गेलो तरी माझी कंबर धरते. म्हणून मी अकरा निवडले. अकरा हा आहेराचा आकडा आहे. देणाऱ्याला जड जात नाही, घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

बूट घ्यायला गेलो. डोंगरावर धावायचे बूट वेगळे असतात, त्यांच्या तळव्याला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खुट्या असतात आणि किंमतही साधारण टायरच्याच अंगाने जाते. सौ. बिल बघून म्हणाली, "सोनं घातलं असतं पायात, तर निदान मोडता आलं असतं." जळगावच्या बाईने केलेला हिशोब, त्यात चूक निघत नाही. मी तिला फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगितली. बेळगावकडचा हा गडी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकची मॅरेथॉन दोन तास पन्नास मिनिटांत पळून एकोणिसावा आला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहिली, म्हणून तर दोराबजी टाटांनी ऑलिम्पिकला माणसे पाठवायचे मनावर घेतले. गोष्ट मी बुटांच्या समर्थनार्थ काढली होती. सांगून संपल्यावर ती कोणाच्या बाजूने गेली हे माझ्या लक्षात आले, पण तोवर सौ. पदर खोचून आत गेली होती.

सरावाला चढ हवा. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर आणि तव्यासारखे सपाट, मे महिन्यात तर तव्यासारखे तापलेलेही. गावातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे महानगरपालिकेची सतरा मजली इमारत. तिचे जिने चढावेत असे मनात आले होते. पण तिथे धापा टाकत वर जाणारा माणूस दिसला, की तो घरपट्टीची हरकत घेऊन आलाय असेच समजणार. शेवटी आमचे धुळ्याचे साडू कामी आले. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्याला लागून लळिंगचा किल्ला आहे, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळापासूनचा. दर रविवारी साडू मला पायथ्याशी सोडत आणि स्वतः "मी गाडी सांभाळतो" म्हणून गाडीतच झोपत.

पहिल्या रविवारी अर्ध्या चढावर मी गुडघ्यांवर हात ठेवून उभा होतो. मागून शेळ्या आल्या, शेळ्यांमागून एक म्हातारबाबा आले. पायात झिजलेली चप्पल.

"कथा पयी ऱ्हायना भाऊ?"

कुठे पळतोयस, एवढाच साधा प्रश्न. मी वर बोट दाखवले. त्यांनी वर पाहिले, मला पाहिले आणि शेळ्यांसकट मला मागे टाकून निघून गेले. पुढे दोन महिने त्या म्हाताऱ्याच्या मागे मागे जाणे हेच माझे कोचिंग. छोटी पावले, टाच आधी टेकायची नाही, उतरताना अंग मागे टाकायचे नाही. हे त्यांनी सांगितले नाही, मी मागून पाहिले. तिसऱ्या महिन्यात शेळ्यांच्या बरोबरीने पोचू लागलो.

डिसेंबर आला. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठले. शर्यतीच्या सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी थंडीत जमलेली मंडळी पाहून पोटात गोळा आला. सगळे सडपातळ, सगळे तरुण. पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडाशी. सलाइनसकट दवाखान्यातून पळून आल्यासारखे दिसत होते.

शिट्टी झाली आणि सगळे सुटले. मला वाटले, पाचच मिनिटांत मी एकटा उरणार. पण चढ लागला आणि एक नवल घडले. सगळे चालू लागले! सडकेवरच्या शर्यतीत चालणारा माणूस म्हणजे चेक न वटलेला माणूस. लोक नजर चुकवतात. डोंगरात तसे नाही. सुट्या मुरमाचा घसारा, मध्येच काळ्या पाषाणाची गुडघाभर पायरी, वाळलेले गवत. तिथे पुढचेही मांडीवर हात रेटत चालतात आणि मागचेही. फरक फक्त घाईचा. इतकी समानता मी पगारवाढीच्या करारातदेखील पाहिली नाही.

निम्म्या चढावर मात्र छाती अशी वाजू लागली, की बाजूच्या माणसाला ऐकू जावी. मी एका धोंड्यावर बसलो. सिंहगड तेराशे मीटर उंच. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री कडा चढून गेले ते याच डोंगरावर. मला त्या क्षणी तानाजी आठवला नाही. गॅसवर उकळत राहिलेला चहा आठवला. त्या दिवशी तो कोणी बंद केला, हे मी आईला कधी विचारलेले नाही.

सर्वांच्या मागून एक मुलगी येत होती, कॉलेजातली असावी. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचे, कोणाला मागे उरू द्यायचे नाही, हे तिचे काम. त्याला स्वीपर म्हणतात.

"काका, बोलता येतंय?"

"येतंय."

"मग बरंय. सलग बोलता येतंय तोवर काळजी नसते. बोलत राहा काहीतरी."

काय बोलणार? मी तिला मुदत ठेवीवर तिमाही चक्रवाढीने व्याज कसे चढते ते समजावून सांगितले. माथा येईपर्यंत. मध्ये दम लागला की ती म्हणायची, "काका, मुदतीआधी मोडली तर?" आणि मी पुन्हा सुरू. छातीचा ठोका कधी जागेवर आला कळलेच नाही. चोवीस वर्षांत माझे इतके मन लावून ऐकणारा खातेदार मला भेटलेला नाही.

वर पिठले-भाकरीचा आणि वांग्याच्या भरिताचा वास सुटला होता. सिंहगडावर भरीत म्हणून जे मिळते त्याबद्दल खानदेशी माणसाने न बोललेले बरे. वाईट नसते. पण ते भरीत नसते.

उतार मात्र माझा. चढ छातीची परीक्षा घेतो, उतार मांड्यांची. प्रत्येक पावलाला ताणल्या जाताजाताच स्नायूंना ब्रेक लावावा लागतो, म्हणून खरे दुखणे दुसऱ्या दिवशी चढते. तरुण मंडळी दगडांवर बिचकत बसत बसत उतरत होती. मी लळिंगच्या शेळ्या डोळ्यांपुढे आणल्या आणि दोघांना मागे टाकले. खिडकी बंद व्हायला नऊ मिनिटे असताना पोचलो. शेवटून तिसरा.

गळ्यात मेडल, हातात केळे. (केळे आमच्याकडचेच असावे, सालीवरून ओळखले.) आईला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"कितवा आलास?"

"शेवटून तिसरा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "हे सदानकदा पुढे असायचे. रांगेत पुढे, पंगतीत पुढे, ऑफिसात सगळ्यांच्या आधी. तू आपला शेवटूनच येत जा."

मी काही बोललो नाही.

"आणि पुण्याहून वांगी आणू नकोस," ती म्हणाली. "बामणोदची आली आहेत बाजारात."